काळी चार, चार बोटं आणि एसएम-५८: माझ्या घरच्या रेकॉर्डिंगची वही

नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: सिंहगड रोड, तिसरा मजला, दहा बाय अकराची खोली, खिडकी थेट रस्त्यावर. मी हौशी गाणारी. सूर काळी चार (पेटीची चौथी काळी पट्टी), अभंग आणि अधूनमधून नाट्यगीतं. आत्तापर्यंत फोनवर भागवत होते. यंदा माइक घ्यायचाच, असं ठरवून बसलेय.

पालख्या सासवड-लोणी काळभोरकडे गेल्या, त्यानंतरचा रविवार

ज्याला विचारावं तो एकच सांगतो, "ताई, घरी गायचं तर डायनॅमिकच घ्या, तो खोलीचा आवाज घेतच नाही." मला हे पटत नव्हतं. डायनॅमिक काय नि कंडेन्सर काय, दोन्ही जातींचे माइक कान उघडे ठेवूनच बसलेले असतात. डायनॅमिकमध्ये पडद्याला तारेची बारीक गुंडाळी चिकटवलेली असते, ती चुंबकाच्या फटीत हलली की वीज तयार होते. कंडेन्सरला बाहेरून ४८ व्होल्ट द्यावे लागतात. पण पडद्यावर आदळणारा आवाज माझा की खालच्या रिक्षाचा, हे दोघांपैकी कुणाला कसं कळणार?

तबला वाजवणाऱ्या एका मित्राकडून त्याचा कंडेन्सर आणि जुना एसएम-५८ (शुअर कंपनीचा डायनॅमिक माइक) दोन दिवसांसाठी उचलून आणले. दोघांचीही दिशा एकाच तऱ्हेची, कार्डिऑइड, म्हणजे समोरचं नीट ऐकायचं आणि पाठीमागचं सगळ्यात कमी. दोन्ही ओठांपासून चार बोटांवर. पंखा तीनवर. तीच ओळ तीन-तीनदा गायले आणि नंतर आवाजाची पातळी सारखी करून हेडफोन लावून ऐकलं. दोन ओळींमधल्या श्वासात पंखा दोन्हीकडे जवळजवळ सारखाच! कंडेन्सरमध्ये त्याची सळसळ वरच्या पट्टीत जरा जास्त चकचकीत येते, कारण ५८ साधारण १५ किलोहर्ट्झच्या वर फारसं काही देत नाही. पण रिक्षाचा हॉर्न? दोन्हींत तेवढाच.

मग ५८ चार बोटांवरून आठ बोटांवर नेला. अंतर दुप्पट झालं की तोंडाचा आवाज ढोबळमानाने ६ डेसिबलने उतरतो. पंखा मात्र आहे तिथेच, तो कशाला उतरेल. मी गेन, म्हणजे माइकचा आवाज मोठा करायचं प्रमाण, वाढवून माझा आवाज जागेवर आणला, त्याबरोबर पंखाही ६ डेसिबलने वर आला. एका वितीवर नेला तेव्हा तर खालच्या भाजीवाल्याची मेथी मुखड्यात स्पष्ट ऐकू आली.

म्हणजे किमया माइकच्या जातीची नाही, चार बोटांची आहे. डायनॅमिकला आपण तोंडाला लावून गातो आणि तो ते सोसतो. कंडेन्सर लोक फूटभर लांब ठेवतात आणि मग खोलीला शिव्या घालतात.

तरीही मी डायनॅमिकच घेणार आहे. कारण एवढंच की मला जवळून गायचंय, आणि हातून पडला तरी जीव जाऊ नये.

पुढच्या शनिवारी, बुधवार पेठ

पासोड्या विठोबाच्या आसपासची इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं पालथी घातली. ५८ च्या नकला बाजारात इतक्या आहेत की कधी कधी खऱ्यालाच ओळखपत्र मागावंसं वाटतं. खोकं तेच, पाऊच तोच, जाळीही हुबेहूब. पण कंपनीच्या माहितीपत्रकात खऱ्याचं वजन दिलंय, २९८ ग्रॅम. म्हणून घरून कणीक मोजायचा डिजिटल काटा पर्समध्ये टाकून नेला होता.

एका दुकानात भाव संशय यावा इतका कमी निघाला.

"ताई, ओरिजिनल पीस आहे, डोळे झाकून घ्या."

"डोळे उघडे ठेवते, फक्त वजन करते," म्हणत मी काटा काउंटरवर मांडला.

"सोनं घ्यायला आलात का?" असं म्हणून दुकानदार हसला. काट्यावर २३६. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने रस्त्याकडे पाहिलं. "नवीन लॉट हलका येतो," म्हणाला. १९६६ पासून चालत आलेला माइक या आठवड्यात बासष्ट ग्रॅमने वाळला म्हणायचा.

त्या दुकानाचं नाव विचारू नका. अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलावर घेतला, घरी आल्यावर पहिलं काम काट्याचं: २९७. एवढ्याला हरकत नाही, कणकेचा काटा आहे.

आठवडाभर एसएम-७बी चं, म्हणजे त्याच कंपनीच्या महागड्या डायनॅमिकचं, स्वप्नही पडून गेलं, ते लपवत नाही. पण त्याचा आवाज फार हळू निघतो. संवेदनशीलता उणे ५९ डेसिबल, ५८ ची उणे ५४.५, आणि त्याला निदान ६० डेसिबल गेन हवा असं कंपनीच सांगते. माझा इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी डबी) ५६ वर दम टाकतो. म्हणजे किती तरी पट महाग माइक, वर बूस्टरचा खर्च. शिवाय तो पाऊण किलोचा, माझा स्टँड मान टाकेल. ५८ चाच भाऊ, बीटा-५८ए, त्याचाही विचार केला. तो सुपरकार्डिऑइड, समोरचं आणखी अरुंद पट्ट्यात ऐकणारा; त्याच्या बहिऱ्या जागा बरोब्बर पाठीमागे नसून दोन्ही बाजूंनी तिरक्या, साधारण १२६ अंशांवर. माझी खिडकी माइकच्या थेट पाठीमागे येते, तिथे साधा कार्डिऑइडच जास्त बहिरा.

गंमत म्हणजे एसएममधलं "एसएम" स्टुडिओ मायक्रोफोन यावरून आलंय. आणि आपण त्याला ओळखतो ते वाद्यवृंदाच्या स्टेजवरून.

जुलैचा दुसरा आठवडा: मंद्र पंचमाची सूज

हे प्रकरण मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते.

डायनॅमिकच काय, कुठल्याही एका दिशेच्या माइकजवळ गेलं की खर्ज फुगतो. बोलणाऱ्यांना हे आवडतं, आवाज भारदस्त वाटतो. काळी चारमध्ये माझा षड्ज २०८ हर्ट्झच्या आसपास, मंद्र पंचम १५६. षड्ज ठीक लागला, गंधार-पंचम छान, आणि खाली उतरताना मंद्र पंचमावर एकदम कुणीतरी दुसरीच बाई गायला बसली! जाड, घोंगडी पांघरल्यासारखा आवाज. मला वाटलं सूरच ढळला. तानपुऱ्याबरोबर पुन्हा पुन्हा ऐकलं, सूर बरोबर होता. सूज माइकची होती.

त्यात माझी सवय उलटी. खालचा सूर हळू लागतो म्हणून मान आपोआप पुढे जाते, कार्यक्रमात तेच शिकलेय. इथे त्याने दुप्पट नुकसान. आता मंद्रात उतरताना मान दोन बोटं मागे. पहिले तीन दिवस ते जाणीवपूर्वक करताना गाणं यांत्रिक झालं, चौथ्या दिवशी अंगवळणी पडलं. उरलेलं इक्वलायझरमध्ये: २०० हर्ट्झच्या खालचा सगळा भाग एकसारखा (याला शेल्फ म्हणतात) ३-४ डेसिबल उतरवला. १०० हर्ट्झच्या खालचं कापणारा फिल्टर इथे कामाचा नाही, माझी सूज त्याच्या वरच बसलीय.

"पांडुरंग"मधला प आणि "फ"चे फटके मात्र अजून पूर्ण गेले नाहीत. माइक ओठांच्या कोपऱ्याकडे तिरका केल्यावर निम्मे कमी झाले. भरतकामाच्या रिंगेवर जुना पायमोजा ताणून बसवला, तो दिसायला भयाण आहे पण काम करतो.

जुलैअखेर: गोधडी

खोलीचा घुमारा शोषायला फोम लावायचा तर कुठे? मी आधी माइकच्या मागे लावणार होते, सगळ्या फोटोंमध्ये तसंच दिसतं म्हणून. पण कार्डिऑइड मागचं ऐकतच नाही. तो माझ्याकडे तोंड करून बसलाय, म्हणजे त्याला दिसते मी आणि माझ्या पाठीमागची कोरी भिंत. आवाज खोलीत फिरून त्या भिंतीवरूनच त्याच्या तोंडात जाणार. म्हणून कपडे वाळत घालायच्या दोरीवर सासूबाईंची गोधडी माझ्या पाठीशी टांगली आणि साड्यांच्या कपाटाची दारं उघडी ठेवली. टाळी वाजवून पाहिली, खणखण गेली. भिंतीपासून वीतभर पुढे टांगली तर आणखी बरं. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "गाणं झालं की घडी घालून ठेव, रात्री मला लागते."

छोटी नोंद, वाटलं तर वगळा: रेकॉर्डिंगमध्ये सतत बारीक "हुंऽऽ" यायचं. माइक, केबल, इंटरफेस बदलून पाहिलं. शेवटी लॅपटॉपचा चार्जर काढला, गेलं. आता बॅटरीवरच रेकॉर्ड करते.

ऑगस्ट

नदीकाठाला ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झालाय. संध्याकाळी सात ते दहा कुठलीही चार बोटं, कुठलीही गोधडी कामाला येत नाही. ढोलाचा ठोका बंद खिडकीला जुमानत नाही. काल चुकून सव्वासातला बसले होते. ऐकलं तर माझ्या अभंगाखाली लांबून ढोल, आणि तोही चक्क लयीत. ती फाइल पुसलेली नाही.

आता पहाटे साडेपाचला उठते. तेव्हा पंखाही बंद असतो आणि रिक्षाही झोपलेल्या असतात, फक्त दूधवाल्याची स्कूटर. तो कधी येतो ते कळलंय: पाच पन्नास. तोवर दोन टेक होतात.