शंभर टक्क्यांनंतरची अडीच मिनिटे

मागच्या लेखात ज्या अडचणीपाशी काम अडले होते ती अखेर सुटली : डिस्कची प्रत काढणाऱ्या आपल्या प्रोग्रॅमची पट्टी आता शंभर टक्क्यांवर जाऊन ताटकळत नाही. पट्टीचा आकडा म्हणजे एक अपूर्णांक : लिहून झालेले बाइट हा अंश आणि डिस्कचे एकूण बाइट हा छेद. छेदाचा प्रश्न आधीच मिटला होता. ब्लॉक डिव्हाइसला, म्हणजे लिनक्समध्ये फाइलसारख्या दिसणाऱ्या अख्ख्या डिस्कला, ‘स्टॅट’ (फाइलची माहिती विचारणारी हाक) केल्यास आकार शून्य मिळतो, म्हणून तो ‘बीएलके-गेट-साइझ-६४’ या डिस्कचा आकार सांगणाऱ्या हाकेने विचारायचा, म्हणजे १ टीबीच्या डिस्कचे १०,००,२०,४८,८६,०१६ बाइट बिनचूक हाती येतात. खरा छळ अंशाने मांडला होता.

‘राइट’ ही लिहिण्याची हाक यशस्वी झाली म्हणजे बाइट डिस्कवर उतरले असे नसते; ते कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) पेज कॅशमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात, पोहोचलेले असतात, इतकेच. अशा न उतरलेल्या डेटाची मर्यादा ठरवणाऱ्या ‘डर्टी-रेशो’चे मूळ मूल्य २० असल्याने उपलब्ध मेमरीच्या पंचमांशापर्यंतचा डेटा कर्नल न लिहिता सांभाळू शकतो. ८ जीबी मेमरीच्या यंत्रावर तो दीड जीबीच्या आसपास जातो आणि सेकंदाला १० एमबी लिहिणाऱ्या पेन ड्राइव्हला तो उतरवायला अडीच मिनिटे लागतात. तेवढा वेळ पट्टी शंभरावर उभी राहते आणि समोरचा माणूस काम झाले असे समजून ड्राइव्ह उपटतो. बॅकअपच्या साधनाने असे खोटे बोलणे मला अक्षम्य वाटते.

फाइल उघडताना द्यायच्या ‘ओ-डायरेक्ट’ या पर्यायाने पेज कॅश टाळता येते, परंतु त्यासाठी बफर (मेमरीतली डेटाची जागा), लांबी आणि ऑफसेट (डिस्कवरचे स्थान) हे सगळे ब्लॉकच्या मापात बसवावे लागते, आणि इमेज फाइलचा शेवटचा अर्धवट तुकडा तिथे हमखास आडवा येतो. मेमरीचा हिशेब देणाऱ्या ‘मेमइन्फो’मधला ‘डर्टी’चा, म्हणजे अजून न उतरलेल्या डेटाचा, आकडा वजा करण्याचा उपायही बाद केला, कारण तो संपूर्ण यंत्राचा असतो आणि इतर प्रोग्रॅमांचे लिखाणही त्यात मिसळलेले असते. शेवटी फाइलचा ठरावीक भाग डिस्ककडे पाठवणारे ‘सिंक-फाइल-रेंज’ कामी आले. ८ एमबीचा एक तुकडा लिहून झाला की त्याचे राइटबॅक (कॅशमधून डिस्कवर उतरवणे) लगेच सुरू करायचे, त्याच्या आधीचा तुकडा पूर्ण उतरेपर्यंत थांबायचे, आणि मगच तो आधीचा तुकडा अंशात धरायचा. पट्टी आता संथ चालते, पण खरी चालते, आणि शेवटचे ‘एफसिंक’ (सगळे उतरेपर्यंत थांबणारी हाक) जवळजवळ तत्क्षणी परतते. ते पहिल्यांदा तसे परतलेले पाहताना झालेला आनंद इथल्या मंडळींना वेगळा सांगायला नको.

उरलेल्या वेळेचा अंदाजही जाता जाता सुधारला. फिरत्या डिस्कचा आतल्या ट्रॅकवरचा वेग बाहेरच्या ट्रॅकच्या निम्म्यापर्यंत उतरतो, त्यामुळे सुरुवातीपासूनची सरासरी फसवते. आता फक्त मागच्या काही मिनिटांचा वेग धरतो.

यापुढे एसएमआर (ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) डिस्कांच्या वेगाकडे वळणार होतो, परंतु हे लिहितानाच एक अधिक निकडीची गोष्ट ध्यानात आली. अर्धवट राहिलेली प्रत पुढे चालू करण्यासाठी आपण जी नोंद ठेवतो, तीही याच अंशावरून पुढे सरकते. आणि ‘सिंक-फाइल-रेंज’ डिस्कच्या स्वतःच्या कॅशला रिकामे करत नाही. नाशिकमध्ये वळवाच्या पावसात वीज गेली, तर नोंद पुढे आणि डेटा मागे, असे होऊ शकेल. तेव्हा पट्टीचा आकडा वेगळा आणि नोंदीचा वेगळा ठेवावा लागेल : दर १ जीबीनंतर ‘एफडेटासिंक’ (डिस्कची स्वतःची कॅशही रिकामी करवणारी हाक) करायचे आणि ते यशस्वी झाल्यावरच नोंद पुढे न्यायची. नोंदीचे स्वरूपही स्वतःचे न ठेवता जीएनयू डीडीरेस्क्यू या खराब डिस्कवरचा डेटा वाचवणाऱ्या प्रोग्रॅमच्या मॅपफाइलचेच (कुठला भाग झाला, कुठला राहिला याच्या यादीचे) घ्यावे, असे आता वाटते. ते साध्या मजकुरात असते, आणि मध्येच डिस्क खराब निघाली, तर राहिलेले काम थेट डीडीरेस्क्यूकडे सोपवता येईल. खराब सेक्टरांच्या बाबतीत त्याच्या तोडीचे साधन मी पाहिलेले नाही.

एका छायाचित्रकार मित्राची २०१५च्या सिंहस्थातली रामकुंडावरची सगळी छायाचित्रे एकाच जुन्या डिस्कवर आहेत आणि पुढच्या सिंहस्थाआधी त्यांची दुसरी प्रत त्याला हवी आहे. आधी सुट्या, रिकाम्या डिस्कवर प्रत चालू असताना मुद्दाम वीज तोडून ही नोंद तपासेन. ती टिकली तरच त्याची डिस्क जोडेन.