आमची वाटचाल : आबांच्या ताडपत्रीपासून

आमच्याकडे सॅक घ्यायला आलेल्याला आम्ही आधी पाठमोरं उभं करतो. मान खाली घातली की मागं जे हाड वर येतं, तिथपासून कमरेच्या हाडांच्या रेषेपर्यंत टेप लावतो आणि तो आकडा वहीत लिहितो. दोन माणसांची उंची सारखी असली तरी पाठी सारख्या नसतात. ही पद्धत आमच्यात आली ती माझ्या आजोबांकडून. त्यांनी शिवलेली प्रत्येक सॅक एका ठरावीक माणसाच्या पाठीसाठी असायची, आणि ते माणूस बहुतेक वेळा घरातलंच असायचं.

आबा ताडपत्रीचं काम करायचे. तरुणपणी पुण्यात नदीकाठच्या पेठेतल्या एका दुकानात ते लागले. ट्रकवर टाकायच्या ताडपत्र्या, मांडवाची कापडं, पावसाळ्यात दुकानांपुढं सोडायचे पडदे, असं सगळं तिथं शिवलं जाई. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचंही फुटलं, आणि त्या पुरात दुकान बुडालं. मालकांनी पुन्हा उभं राहायचं नाही असं ठरवलं. चिखलातून निघालेलं एक पायमशीन आबांनी मागून घेतलं, रॉकेलनं धुतलं, तेल घातलं आणि घरातच काम सुरू केलं. आमच्या धंद्याची सुरुवात मी तिथून धरते. आबांनी मात्र त्याला धंदा कधी म्हटलं नाही. घर चालेल एवढं काम आणि रविवार मोकळा, एवढंच त्यांना हवं होतं.

कारण रविवार डोंगराचा. स्वारगेटहून सकाळची पहिली बस पकडायची, आतकरवाडीला उतरायचं आणि सिंहगड चढायचा. एकट्यानं नाही. आजी, माझे वडील, काका, आत्या, शेजारची दोन-तीन पोरं, पुढं आम्ही नातवंडं, अशी सगळी फौज बरोबर. देवटाक्याचं गार पाणी, पुणे दरवाज्याच्या सावलीत सोडलेली भाकरीची शिदोरी, उन्हाळ्यात वाटेवरची करवंदं. आबा झाडापाशी थांबायचे आणि नाव आम्हाला विचारायचे. आलं नाही तर स्वतः सांगायचे, पण पुढच्या खेपेला तेच झाड आलं की पुन्हा विचारायचे. आईन, हिरडा, उंबर मी शाळेत शिकले नाही, त्या वाटेवर शिकले. पावशाची ‘पेर्ते व्हा’ ही साद पहिल्यांदा ऐकू आली की ते बोट वर करून सगळ्यांना गप्प करायचे. तेवढा वेळ त्यांचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

त्यांचा एक नियम होता. सगळ्यात हळू चालणाऱ्यानं पुढं चालायचं, बाकीच्यांनी त्याच्या मागं. लहानपणी आम्हाला त्याचा राग यायचा, कारण पुढं आत्या असायची आणि ती दर वळणावर बसायची.

आता सॅककडे येते. त्या काळी बाजारात मिळणाऱ्या पिशव्या खांद्याला काचायच्या. आबांनी ताडपत्रीच्या कातरणीतून सॅक शिवायला सुरुवात केली. पहिली आजीसाठी. आजी नऊवारीत गड चढायची आणि पट्टे सारखे खांद्यावरून घसरायचे, त्याबरोबर पदरही. आबांनी दोन्ही पट्ट्यांना जोडणारा एक आडवा पट्टा छातीवर घातला, पुढं पितळी हुक. आज प्रत्येक चांगल्या सॅकला असा चेस्ट स्ट्रॅप असतो. आमच्या घरी तो आला आजीच्या पदरामुळं. आम्हा मुलांच्या सॅक इवल्याशा असायच्या. त्यात आपलं पाणी आणि आपला चिवडा, बाकी काही नाही. आमचं जास्तीचं ओझं ते स्वतःच्या सॅकमध्ये टाकायचे. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांहून जास्त नसावं, असं केंद्राच्या 2020 च्या धोरणात आलं, तेव्हा घरात सगळ्यांनाच आबा आठवले.

राजगडाची पहिली वारी अजून डोळ्यापुढं आहे. मार्गासनीपर्यंत एसटी, पुढं गुंजवण्यापर्यंत चालत, मग चोरदरवाज्याची चढण. रात्री पद्मावतीच्या देवळात मुक्काम. आबांनी आमच्या अंगाखाली अंथरायला आणलेली ताडपत्री चांगलीच जड होती, पण ती त्यांनी कुणाला उचलू दिली नाही. रात्री कधीतरी मला जाग आली तेव्हा ते आमची पांघरुणं नीट करत होते.

मी टेक्स्टाइलचं शिकून आले आणि आबांच्या मशीनशेजारी दुसरं मशीन मांडलं, तेव्हा आमचा पहिला वाद कापडावरून झाला. त्यांचा जीव सुती कॅनव्हासवर. पाण्यानं सुताचे धागे फुगतात आणि सुईची भोकं बुजतात, हे त्यांचं म्हणणं अगदी खरं. नायलॉनचं तसं होत नाही, त्याच्या शिवणीवर आतून टेप चिकटवावी लागते. पण भिजलेला कॅनव्हास किती जड होतो हेही खरं. शेवटी त्यांनी नायलॉनचा तुकडा रात्रभर पाण्यात ठेवला, सकाळी हातात तोलून पाहिला आणि म्हणाले, “पोरांच्या पाठीला हेच बरं.” त्या दिवसापासून सॅक नायलॉनची. ताण येतो तिथली दुहेरी शिवण मात्र आबांच्याच पद्धतीची.

2018 मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली आणि कापडी पिशव्यांच्या मोठ्या ऑर्डरी सुरू झाल्या. त्या पैशावर आम्ही भाड्याचा गाळा घेतला आणि शिवणकामाला दोन ताई आल्या, त्या आजही आहेत. एका व्यापाऱ्यानं आमची सॅक त्याच्या नावानं घाऊक मागितली होती. अट एकच, कमरपट्ट्यातला फोम निम्मा करायचा. ओझं खांद्यावरून कमरेवर उतरतं ते त्या पट्ट्यामुळं. तोच पातळ केला तर आठ तास चालणाऱ्याच्या खांद्यांचं काय व्हायचं? आम्ही नाही म्हटलं. आबा तेव्हा नव्वदीकडे झुकले होते, हिशेबात लक्ष घालत नसत, पण या नकाराची गोष्ट त्यांनी भेटेल त्याला सांगितली.

करोनाच्या आदल्या वर्षी ते गेले. टाळेबंदीत डोंगर बंद, दुकान बंद, आम्ही मास्क शिवले आणि तगलो.

गेल्या काही वर्षांत गडांवर खूप नवे लोक येऊ लागले आहेत. 2025 मध्ये राजगडासह बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेल्यावर तर जास्तच. मला त्याचा मनापासून आनंद आहे. विशेषतः आईवडील, आजीआजोबा आणि मुलं असं सगळं घर एकत्र आलेलं दिसलं की. अशा कुटुंबांना आम्ही वेळ देतो. आजींसाठी पट्टा रुंद लागतो, गुडघे दुखत असतील तर आम्ही सॅक विकतच नाही, पाण्याची बाटली राहील एवढी कमरेची पिशवी देतो. आमच्याकडची सॅक कितीही जुनी असो, तिची उसवलेली शिवण फुकट घालून मिळते. आबांनी शिवलेल्या काही सॅक तर अजून दुरुस्तीला येतात. त्यांचं काम मी दुसऱ्या कुणाला देत नाही.

सध्या पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी नवी सॅक कापायला घेतली आहे. पाठीचे पट्टे तीन ठिकाणी अडकवता येतील, म्हणजे मूल वाढलं तरी दोन-तीन वर्षं तीच चालेल. कप्पे दोनच, एक पाण्याचा आणि एक खाऊचा. पावसाळ्याआधी तयार होईल. मुलांना बरोबर घेऊन या, मोजमाप घ्यायचं आहे. शनिवारी दुपारी गर्दी कमी असते.