अंबाला ते गुलमर्ग, जानेवारीत: एका रविवारच्या भेटीसाठी

ह्यांचा कोर्स गुलमर्गला, लष्कराच्या हाय ॲल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलमध्ये चालू आहे. १९४८ साली स्की स्कूल म्हणून सुरू झालेली ही संस्था. बर्फात लढायचं कसं, हिमस्खलनात गाडलेल्याला काढायचं कसं, हे तिथे ऐन हिवाळ्यातच शिकवतात. त्यामुळे भेटायला जायचं तर चिल्लई कलानमध्येच, म्हणजे २१ डिसेंबरपासूनच्या त्या चाळीस दिवसांत. सहा आठवड्यांनी ह्यांना एक रविवार मोकळा मिळणार होता. धुक्यामुळे विमानांचा भरवसा नव्हता, म्हणून बुधवारी सासूबाईंना शेजारी बसवून मी अंबाल्याहून गाडी काढली.

पंजाबात धुकं इतकं होतं की बॉनेटच्या पुढचं दिसेना. दहाच्या आधी निघू नका, एवढंच सांगते. लखनपूरला जम्मू-काश्मीरची हद्द लागली की बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम बंद पडतं. पोस्टपेड चालतं, ते निघण्याआधीच करून घ्या. मुक्काम जम्मूला केला.

गुरुवारी संध्याकाळपर्यंत श्रीनगर गाठू असं धरलं होतं. चेनानी-नाशरी बोगद्याने (नऊ किलोमीटर, २०१७ पासून) पटनीटॉपचा बर्फाळ घाट टळतो, तिथवर सगळं सुरळीत होतं. खरी परीक्षा रामबन ते बनिहाल या पट्ट्यात. डोंगर ठिसूळ आहे, पाऊस किंवा बर्फ पडला की दगड खाली येतात. आम्ही रामबनला पोचलो आणि पुढे दरड कोसळल्याची बातमी आली. पुढच्या गाड्या तशाच रांगेत थांबून राहिल्या. मी गाडी वळवली आणि खोली शोधली. माझ्या मते हाच या प्रवासातला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय. रात्रभर गाडीत इंजिन चालू ठेवून हीटर लावणं जिवावर बेतू शकतं: सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलं तर विषारी वायू आत शिरतो आणि कळतही नाही.

रस्ता शुक्रवारी दुपारी सुटला. मी रविवारच्या भेटीसाठी दोन दिवस आधी पोचायचं ठरवलं होतं, त्यातला एक असा गेला. ऐन रविवारी पोचायच्या बेताने निघाले असते आणि असाच एक दिवस गेला असता, तर भेट हुकलीच असती. तेव्हा कोणी कितीही म्हणो, हातात एक दिवस जास्तीचा ठेवाच. ट्रॅफिक पोलीस दुसऱ्या दिवसाच्या वाहतुकीची सूचना आदल्या संध्याकाळी काढतात, ती वाचल्याशिवाय खोली सोडू नका.

बनिहाल-काझीगुंड बोगद्यात (साडेआठ किलोमीटर, २०२१) शिरताना डोंगर तपकिरी होता, बाहेर पडलो तर सगळं पांढरं. सासूबाईंनी नकळत हात जोडले. चौसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा बर्फ बघत होत्या.

श्रीनगरला एक आणि तंगमर्गला एक मुक्काम करून रविवारी सकाळी शेवटचे तेरा किलोमीटर. बर्फ असताना तंगमर्गच्या पुढे चाकांवर चढवायची लोखंडी चेन किंवा फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणारी गाडी) असल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. चेन पुढच्या चाकांना, कारण बहुतेक छोट्या गाड्यांची ताकद पुढच्याच चाकांवर येते. आधी चाकामागून घ्यायची, वर आतल्या बाजूचा हूक अडकवायचा, मग बाहेरचा, आणि थोडं पुढे जाऊन पुन्हा ताणायची. ही दुसरी ताण विसरू नका. मी अंबाल्याला अंगणात तीनदा सराव केला होता, तरी तिथे पंचवीस मिनिटं लागली. हातमोजे घालून हूक सापडेना आणि काढले तर लोखंड बोटांना चिकटल्यासारखं होई. शेवटी आतले पातळ मोजे ठेवून जमलं.

चढताना पहिला-दुसरा गिअर, एकसारखा वेग. उतरताना पहिलाच गिअर, ब्रेकवर पाय ठेवायचा तो अगदी हलका. देवदारांच्या सावलीतल्या वळणांवर ओला दिसणारा रस्ता ओला नसतो, काचेसारखा बर्फ असतो. सराव नसेल तर आपली गाडी तंगमर्गला ठेवून तिथली चेनवाली टॅक्सी करा, त्यात कमीपणा नाही. रात्री हँडब्रेक लावू नका, गोठून बसतो. सपाट जागा बघून गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकामागे दगड लावा. सकाळी काचेवर गरम पाणी ओतू नका, तडकते.

भेट बाहेरच ठरली होती. संस्थेच्या गेटजवळ फोन बाहेर काढू नका आणि आपल्या माणसाची हालचाल इंटरनेटवर कुठे टाकू नका. ह्यांचा चेहरा गॉगलच्या खाली रापून काळा झाला होता, ओठ फुटले होते. सासूबाईंनी पिशवीतून तुपाची डबी काढली. तूप दगड झालं होतं. त्यांनी ते तळहातावर धरून ऊब दिली आणि मग बोटाने, लहानपणी लावत असतील तसं, ह्यांच्या ओठांना लावलं. हे काही बोलले नाहीत, नुसते वाकून उभे राहिले.

काही न्यायचं असेल तर लोकरीचे मोजे आणि ओठांना लावायला काहीतरी न्या, ह्यांनी तेवढंच मागितलं होतं. आणि परत उतरायला तीनच्या आत निघा. ऊन गेलं की दिवसा वितळलेलं पाणी पुन्हा गोठतं. आम्ही अडीचला निघालो.