कुणी केलं, हे ठाऊक नसताना

25 एप्रिल 2022, सोमवार. युक्रेन युद्धाला दोन महिने झाले होते आणि आमच्या दैनिकाचं परदेशी बातम्यांचं पान माझ्याकडे होतं. मारिउपोलची बातमी लावून झाली होती. तेवढ्यात वृत्तसंस्थेकडून दोन ओळी आल्या : तिरास्पोलमध्ये राज्य सुरक्षा मंत्रालयाच्या इमारतीवर रॉकेट लाँचरने मारा, जीवितहानी नाही.

खेळाच्या डेस्कवरच्या सहकाऱ्याने नाव लगेच ओळखलं. आदल्या सप्टेंबरमध्ये शेरीफ तिरास्पोल या फुटबॉल क्लबने रिआल माद्रिदला त्यांच्याच मैदानावर 2-1 असं हरवलं होतं. बाकीच्यांना मात्र नकाशा दाखवावा लागला. मोल्दोव्हा आणि युक्रेन यांच्यामध्ये, द्निस्टर नदीच्या कडेने ट्रान्सनिस्ट्रियाची चिंचोळी पट्टी आहे, तिची राजधानी तिरास्पोल. तिने 1990 मध्ये मोल्दोव्हापासून वेगळं झाल्याचं जाहीर केलं. 1992 मध्ये लढाई झाली, त्याच वर्षी जुलैमध्ये युद्धबंदी झाली आणि रशियाचे सैनिक तिथेच राहिले. आता सुमारे दीड हजार. संयुक्त राष्ट्रांच्या एकाही सदस्य देशाने, अगदी रशियानेही, या पट्टीला देश म्हणून मान्यता दिलेली नाही. आणि युक्रेनच्या सीमेला लागून असलेल्या कोबास्ना गावात सोव्हिएत काळापासूनचा जवळपास 20 हजार टन दारूगोळा पडून आहे. हे सांगितलं तेव्हा डेस्कवरचं बोलणं थांबलं.

तासाभरात आरोप सुरू झाले. युक्रेनच्या लष्करी गुप्तचर खात्याने म्हटलं, हा रशियाच्या एफएसबी या सुरक्षा व गुप्तचर संस्थेने आखलेला बनाव आहे. दुसऱ्या बाजूने बोटं युक्रेनकडे वळली. डेस्कवरचा तरुण उपसंपादक म्हणाला, "ताई, यात शंका कसली? रशियानेच स्वतःच्या माणसांवर मारा करून घेतलाय. तसंच छापूया."

त्याच्याकडे कारणं होती. तीनच दिवसांपूर्वी, 22 एप्रिलला, रशियाचे जनरल रुस्तम मिन्नेकायेव म्हणाले होते की दक्षिण युक्रेन ताब्यात आला तर ट्रान्सनिस्ट्रियापर्यंत वाट मिळेल आणि तिथेही रशियन भाषकांवर अत्याचार होत आहेत. फेब्रुवारीत पूर्व युक्रेनमधल्या दोनेत्स्कात घडलेलं तर आम्ही सगळ्यांनीच पाहिलं होतं. फुटीर नेते डेनिस पुशिलिन यांनी 18 फेब्रुवारीला 'आजपासून' लोकांना रशियात हलवत असल्याचा व्हिडिओ प्रसारित केला आणि फाइलमधल्या नोंदींवरून तो 16 तारखेलाच चित्रित झाल्याचं उघड झालं. सोमवारचा हल्लाही सुट्टीच्या दिवशी, ऑर्थोडॉक्स ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, रिकाम्या इमारतीवर झाला होता. वापरलेल्या लाँचरच्या नळ्या जवळच रस्त्यावर टाकलेल्या होत्या.

तरीही मी नाही म्हटलं. दोनेत्स्कमध्ये फाइल हातात होती, तिच्यावर तारीख होती. तिरास्पोलमध्ये आमच्या हातात फुटलेल्या काचांचे फोटो होते. कुणाला फायदा होतो, हा प्रश्न विचारलाच पाहिजे, पण त्याचं उत्तर म्हणजे पुरावा नव्हे. आणि फायद्याचाच विचार करायचा तर रांग मोठी होती. रशियाला मोल्दोव्हाला धाक दाखवायचा असू शकतो. युक्रेनला पाठीमागे बसलेलं रशियन सैन्य खुपत असू शकतं. ट्रान्सनिस्ट्रियाच्या आतही कुणाला युद्धात ओढलं जायचं असेल, कुणाला नसेल. तिथल्या निर्यातीचा मोठा हिस्सा युरोपीय संघात जातो, त्या व्यापाऱ्यांना रणांगण कशाला हवंय?

वृत्तसंपादकांचं म्हणणं वेगळं होतं. दोन्ही बाजूंचे आरोप समोरासमोर छापा आणि पान सोडा. तेही मला पटेना. वाचकाने दोन आरोप वाचून करायचं काय?

याच गडबडीत लातूरहून फोन आला. युक्रेनमधल्या भारतीयांना परत आणणाऱ्या ऑपरेशन गंगाच्या दिवसांत आम्ही पालकांसाठी डेस्कचा नंबर छापला होता, तो अजून फिरत होता. "मॅडम, माझी लेक किशिनाऊला मेडिकलला आहे. टीव्हीवर सांगायलेत की आता तिथं बी युद्ध सुरू झालं. तिला बोलावून घ्यावं का?"

मोल्दोव्हाची राजधानी किशिनाऊ तिरास्पोलपासून सुमारे 70 किलोमीटर. मार्चमध्ये ओडेसाची आपली मुलं याच मोल्दोव्हातून रोमानियात गेली होती, त्यामुळे त्यांची भीती पोकळ नव्हती. मी त्यांना म्हटलं, "काका, हल्ला झालाय हे खरं. माणूस दगावलेला नाही. कुणी केला ते माहीत नाही. युक्रेनमध्ये लढणारं रशियाचं सैन्य अजून तिथपर्यंत आलेलं नाही, मध्ये ओडेसा आहे. लेकीला दूतावासाच्या सूचना पाहायला सांगा."

फोन ठेवला आणि बातमी तशीच लिहिली. आधी काय घडलं, मग कोण काय म्हणतंय आणि त्यासाठी पुरावा काय दाखवतंय, मग जनरलचं विधान आणि कोबास्नाची चौकट. मथळ्यात हल्लेखोराचं नाव नव्हतं. वृत्तसंपादकांनी पान वाचलं, चौकट खालून वर घ्यायला लावली आणि पान गेलं.

मंगळवारी सकाळी ग्रिगोरिओपोलजवळच्या मायाक इथे रशियन रेडिओचं प्रसारण करणारे दोन जुने मनोरे स्फोटाने पाडले गेले. ट्रान्सनिस्ट्रियाचे नेते वादिम क्रास्नोसेल्स्की यांनी माग युक्रेनकडे जात असल्याचं सांगितलं. मोल्दोव्हाच्या अध्यक्ष माया सांडू यांनी सर्वोच्च सुरक्षा परिषदेची बैठक बोलावली. त्यांच्या मते त्याच पट्टीतले युद्धाच्या बाजूचे गट तणाव वाढवू पाहत होते. त्या काळात मला सर्वांत मोलाचा वाटला तो त्यांचा संयम. बुधवारी कोबास्नावर ड्रोन दिसल्याचा आणि गोळीबाराचा दावा आला. तिरास्पोलमधलं 9 मेचं विजय दिनाचं संचलन रद्द झालं. युद्ध मात्र नदीपलीकडे आलं नाही. लातूरच्या काकांनी मेमध्ये पुन्हा फोन करून सांगितलं की लेक परीक्षा देऊनच येणार आहे.

17 मार्च 2024 ला तिरास्पोलच्या लष्करी तळावर एक हेलिकॉप्टर पेटलं. ट्रान्सनिस्ट्रियाने सांगितलं, ओडेसाकडून आलेल्या ड्रोनचं काम. मोल्दोव्हाने सांगितलं, भीती पसरवण्यासाठी केलेला उद्योग, हेलिकॉप्टर कित्येक वर्षं बंदच होतं. अडीच आठवड्यांपूर्वीच, 28 फेब्रुवारीला, तिथल्या प्रतिनिधींनी रशियाकडे संरक्षण मागितलं होतं. मी पान उघडलं आणि ती तारीख दुसऱ्याच ओळीत घेतली.