घरातलं माणूस गेल्यावर मंडळीचा आधार कसा घ्यावा

आम्हा ख्रिस्ती लोकांत जवळचं माणूस प्रभूमध्ये निजलं, म्हणजे वारलं, की पहिले आठ दिवस घर भरलेलं असतं. डबे येतात, पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, रोज प्रार्थना करून जातात. घर खायला उठतं ते महिन्याभराने, पाहुणे परतल्यावर. मंडळीची, म्हणजे आपल्या चर्चच्या लोकांची, खरी गरज तेव्हा असते आणि माझा अनुभव असा की मदत आपण तोंडाने मागावी लागते.

"माझ्यासाठी प्रार्थना करा" एवढंच म्हटलं तर रविवारी नाव घेतलं जातं, पुढे काही होत नाही. पाळकांना किंवा पाळकबाईंना नेमकं सांगावं: बुधवारी संध्याकाळी सहा ते सात, दोघांनी येऊन बसावं. दोघंच, कारण पाच जण आले की आपण चहाच्या मागे लागतो. बायबलमधल्या, मुलंबाळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर न बोलता बसले होते; बिघडलं ते बोलायला लागल्यावर.

त्या तासाला बायबलमधली स्तोत्रसंहिता पुरते. 13 वं स्तोत्र घ्यावं, सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत 'कोठवर?' हा प्रश्न चारदा येतो. एकेकाने एकेक वचन मोठ्याने वाचायचं, मग पाच मिनिटं शांत राहायचं, मग ज्याला वाटेल त्याने एक वाक्य बोलायचं, तेही देवाशी. एकमेकांना सल्ला द्यायचा नाही. वाचताना आवाज अडतोच. अशा वेळी शेजारचा त्या ओळीवर बोट ठेवतो आणि तिथून पुढे वाचतो. पाठ थोपटण्यापेक्षा ते कितीतरी बरं. पुढे 88 वं स्तोत्र वाचावं. ते अंधारातच संपतं. लगेच दिलासा देणाऱ्या 23 व्याकडे वळायची घाई करू नये, रडणं मध्येच तुटतं.

रविवारी दाराजवळच्या बाकावर बसावं. उपदेश ऐकवतो, पण अंत्यविधीला म्हटलेलं गीत लागलं की बांध फुटतो. आज कोणती गीतं आहेत ते पेटीवाल्याला आधी विचारून घ्यावं आणि त्या गीतापुरतं बाहेर पायऱ्यांवर बसावं.

दोन गोष्टींनी जखम चिघळते. एक, खासगीत सांगितलेलं 'प्रार्थनेची विनंती' म्हणून चार घरी पोचणं. म्हणून पहिल्याच दिवशी "हे इथेच राहू दे" असं स्पष्ट म्हणावं. दुसरी, लवकर साक्ष द्यायला लावणं. एकदा सगळ्यांसमोर उभं राहून "देवाने सावरलं" म्हटलं की पुढे रडायलाही संकोच वाटतो. पहिला नाताळ, पहिला वाढदिवस, पहिली पुण्यतिथी होऊन जाऊ द्यावी, तोवर "अजून नाही" म्हणावं.

गोळ्या चालू असतील तर प्रार्थनेच्या भरवशावर त्या बंद करू नयेत. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात मंडळीच्या वडीलजनांनी तेल लावून प्रार्थना करावी असं लिहिलंय (5:14); औषध टाका असं कुठेच नाही. झोप, जेवण दोन आठवडे बिघडलेलं असेल तर डॉक्टरांकडे जावं. जगणंच नको वाटत असेल तर बुधवारची वाट पाहू नये, तेव्हाच घरातल्या कुणाला तरी उठवावं आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन लावावा. तो मोफत आहे, रात्रीही लागतो.

दुसऱ्याचं दुःख ऐकताना आपली गोष्ट मध्ये घातल्याशिवाय बसता यायला लागलं की त्या दोघांपैकी एक म्हणून दुसऱ्या घरी जायला हरकत नाही. पहिल्या खेपेला जाणत्या माणसाबरोबर जावं आणि चहा नको हे आदल्या दिवशीच कळवावं.