कुळागरातील फासकी

नोव्हेंबरातील एका सकाळी सुपाऱ्या वेचायला गेलेली आई अर्ध्या वाटेवरून परतली आणि वईपाशी, म्हणजे कुंपणापाशी, बिबटा अडकला आहे, एवढेच कसेबसे म्हणाली. आमचे कुळागर (सुपारी-केळीची बाग) गोव्यातील सत्तरी तालुक्यात, म्हादई अभयारण्याच्या अंगाला आहे. रानडुकरांच्या त्रासामुळे येथे वायरीचे फास, म्हणजे फासक्या, लावल्या जातात हे मला ठाऊक होते, पण आमच्याच वईत कोणी ती लावली असेल असे कधी वाटले नव्हते.

वईतील खिंडारात, गुडघ्याच्या उंचीवर, दुचाकीच्या क्लच वायरीचा फास सोडून तिचे दुसरे टोक काजूच्या बुंध्याला आवळले होते. फास बिबट्याच्या कमरेत बसला होता. तो झेप घेई तसा आणखी आवळला जाई, आणि भोवतालची माती त्याने नखांनी पार उकरून काढली होती. 2009 साली केरीत फासात अडकलेल्या वाघाला ठार मारल्याचे प्रकरण सत्तरीत कोणी विसरलेले नाही. मला तेच आठवले.

मी वनखात्याला फोन लावला. पहिल्या कार्यालयाने फोन उचलला नाही, दुसऱ्याने हद्द आपली नसल्याचे सांगितले. योग्य अधिकारी मिळेपर्यंत पाऊण तास गेला, आणि त्याचा राग मला अजून आहे. तोवर वाड्यावरील माणसे जमली. शेजारचे काका कोयता घेऊन वायर तोडायला निघाले, तेव्हा मी त्यांचा हात धरला. भेदरलेला बिबटा अंगावर येईल ही भीती होतीच. शिवाय बुंध्याकडून वायर तोडली असती तर फास कमरेतच घेऊन तो रानात शिरला असता आणि आठवडाभरात सडून मेला असता. सर्वांना मागे हटवून, आवाज बंद करून आम्ही थांबलो.

वनखात्याचे पथक पशुवैद्यांसह आले. भुलीचे इंजेक्शन लागल्यावर त्यांनी डोळ्यांवर ओले फडके टाकले आणि फास कापला. जखम मला बोटभर रुंदीची, किरकोळ वाटली. मात्र डॉक्टरांनी त्याला लगेच सोडण्यास नकार दिला: दाबामुळे रक्तपुरवठा तुटलेले मांस काही दिवसांनी मरू लागते, म्हणून वरून बरा दिसणारा प्राणीही नंतर दगावू शकतो. त्याला उपचारांसाठी नेण्यात आले.

पंचनाम्यासाठी जबाब देऊ नकोस, गावात वैर येईल, असे नातेवाईकांनी बजावले. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 मधील शिकारीच्या व्याख्येत फास लावणे आणि तसा प्रयत्न करणेही येते, आणि बिबट्यासारख्या पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षांचा कारावास आहे. जमीन आमची असल्याने पहिले प्रश्न मलाच विचारले गेले, ते योग्यच होते. मी खरे तेच सांगितले, वायरीची लांबी माझ्यासमोर मोजून घेतली आणि मगच सही केली.

डुकरांनी एका रात्रीत केळी झोपवली की माणसाचे काय होते हे मी जाणतो. तरीही फासकी हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण तिला डुक्कर आणि बिबटा यांतला भेद कळत नाही. पुढच्या रविवारी काकांसह पाच जणांनी वनरक्षकाबरोबर सगळ्या वया चाळल्या. गंजलेली वायर पाल्यात दिसत नाही. बुंध्याची साल गोल घासलेली दिसली की तिथून माग काढावा लागतो. सात फासक्या निघाल्या. शेवटची काकांना सापडली, आणि तिच्यात साळिंदराचे काटे अडकलेले होते.