बिस्मार्क स्ट्रीटवरचं आमचं घर

ओहायोतल्या कोलंबस शहरात, जर्मन व्हिलेज नावाच्या भागात आम्ही विटांचं एक छोटं घर घेतलं, तेव्हा त्याच्या इतिहासाशी मला काही देणंघेणं नव्हतं. दुसरा हिवाळा सरला आणि पश्चिमेच्या भिंतीखाली लाल भुगा दिसायला लागला. आज झाडला की उद्या परत. जवळ जाऊन बघितलं तर विटांचे पापुद्रे सुटत होते आणि मधले दर्जे, म्हणजे विटांमधले सांधे, मात्र टणक, जसेच्या तसे. आधीच्या मालकाने कधीतरी सिमेंटने दर्जे भरून घेतले होते. जुनी वीट मऊ असते. तिच्यात मुरलेलं पाणी चुन्याच्या दर्ज्यातून निघून जातं. सिमेंट ते अडवतं, पाणी विटेतच गोठतं आणि विटेचं तोंड फुटतं.

गवंड्याने पहिला प्रश्न विचारला, घर कधीचं? शिवाय इथे घराला बाहेरून काहीही करायचं तर जर्मन व्हिलेज कमिशनची मंजुरी लागते, त्या अर्जासाठीही माहिती हवी होती. घरपट्टीसाठी मालमत्तांची नोंद ठेवणाऱ्या काउंटी ऑडिटरच्या साइटवर वर्ष होतं 1900. शेजारच्या घराचं 1900, समोरच्याचंही 1900. अख्खी गल्ली एका वर्षात उभी राहिली असं मानायला मी तयार नव्हते. वर्ष ठाऊक नसलं की गोल आकडा टाकून मोकळं व्हायची पद्धत दिसते.

मग शनिवार लायब्ररीत जायला लागले. कोलंबसच्या मुख्य लायब्ररीत स्थानिक इतिहासाचा विभाग आहे. तिथे जुन्या सिटी डिरेक्टऱ्या आहेत. टेलिफोन यायच्या आधीपासून निघणारी ही पुस्तकं: माणसाचं नाव, धंदा, पत्ता. आमची गल्ली लॅन्सिंग स्ट्रीट. 1920 च्या दशकातल्या डिरेक्टऱ्यांमध्ये ती सापडली. मागे गेले तर 1915 मध्ये लॅन्सिंग स्ट्रीटच नाही! म्हणजे घर पहिल्या महायुद्धानंतरचं? पण तळघरातला चुनखडीच्या दगडांचा पाया आणि जुने चौकोनी खिळे काही वेगळंच सांगत होते. असे दोन शनिवार वाया गेले.

बाबा तलाठी म्हणून रिटायर झाले, सातारा जिल्ह्यात. फोनवर त्यांना हे रडगाणं ऐकवलं.

"अगं, पत्ता कशाला शोधतेस? पत्ता बदलतो," ते म्हणाले. "एकत्रीकरणात सर्व्हे नंबरचे गट नंबर झाले, तेव्हा लोक यायचे माझ्याकडे, साहेब आमची जमीन हरवली म्हणून. जमीन कुठं जातीय? नंबर बदललेला. तू फेरफार काढ. आणि चतुःसीमा बघ."

इथे फेरफार नाही, पण काउंटी रेकॉर्डरकडे खरेदीखतांच्या नोंदी आहेत आणि त्यांच्या दोन सूच्या, एक लिहून देणाऱ्यांची, एक लिहून घेणाऱ्यांची. आपल्या खतातला लिहून देणारा घ्यायचा, त्याला घेणाऱ्यांच्या सूचीत शोधायचं, की त्याच्या आधीचा मालक मिळतो. असं एकेक पायरी मागे. खतात गल्लीचं नाव बहुतेक नसतंच, असतो तो प्लॉट नंबर आणि कुठल्या लेआउटमधला ते. तो मात्र शेवटपर्यंत बदलला नाही. किमतीच्या जागी पुष्कळदा "एक डॉलर आणि इतर मोबदला" एवढंच, म्हणजे खरी रक्कम गुलदस्त्यात. एका खतावर नवऱ्याची झोकदार सही आणि शेजारी, आपला हक्क सोडत असल्याबद्दल, बायकोची नुसती फुली. त्या फुलीवरून माझी नजर हलेना.

साखळी 1886 पर्यंत पोचली. त्या वर्षी रिकामा प्लॉट विकला गेला, आणि पुढच्याच वर्षी त्याच मालकाने प्लॉटच्या किमतीच्या दुपटीहून जास्त कर्ज काढलं. एवढं कर्ज कुणी रिकाम्या जमिनीवर देत नाही.

आता नाव हातात होतं. (आडनाव इथे लिहीत नाही, घराणं अजून असेल.) 1915 च्या डिरेक्टरीत त्या नावापुढे आमचाच घर नंबर होता, पण गल्ली बिस्मार्क स्ट्रीट. लायब्ररीतल्या बाई हसून म्हणाल्या, "हो, तुमची गल्ली तीच." महायुद्धात जर्मनांविरुद्ध हवा तापली तेव्हा बिस्मार्क स्ट्रीटची लॅन्सिंग झाली, कैसर स्ट्रीटची लिअर, शिलर स्ट्रीटची व्हिटिअर. शिलर पार्कही वॉशिंग्टन पार्क झालं. पार्काला जुनं नाव परत मिळालं, गल्ल्यांना नाही.

मग जनगणना. 1890 ची जवळजवळ सगळी वॉशिंग्टनमधल्या आगीत गेली, त्यामुळे थेट 1900 ची. घरमालक विल्हेल्म, पिंप बनवणारा. चार पावलांवर बिअर बनवणाऱ्या ब्रुअऱ्या होत्याच. बायकोच्या ओळीत दोन रकाने: मुलं किती झाली, हयात किती. सात आणि चार. 1920 च्या जनगणनेत त्याच घरात तोच माणूस विल्यम झालेला. पिंपांचा धंदाही गेलेला, कारण ओहायोत 1919 मध्येच दारूबंदी आली होती.

गवंड्याच्या कामी आला तो सॅनबर्न कंपनीचा नकाशा. आगीच्या विम्यासाठी काढलेले हे नकाशे, त्यात विटेचं बांधकाम गुलाबी आणि लाकडाचं पिवळं. 1901 च्या नकाशात आमचं घर गुलाबी, पण मागचा तुकडा पिवळा. म्हणजे आमचं विटांचं स्वयंपाकघर नंतरचं. गवंड्याने पुढची आणि मागची वीट तपासली, मागची खरंच जास्त भाजलेली आणि कडक निघाली. तिथलं सिमेंट त्याने तसंच ठेवलं. पुढच्या भागातलं सगळं हाताने, छिन्नीने काढून चुन्याने भरलं. यंत्र लावलं असतं तर विटांच्या कडा गेल्या असत्या. सहा आठवडे लागले, आणि खर्च विचारू नका.

काम झाल्यावर बाबांना फोटो पाठवले. त्यांचा लगेच फोन.

"चुना चांगला बसलाय. आता उताऱ्यावर नाव कुणाचं?"

"आमचं दोघांचं. आणि बँकेचं."

"म्हणजे बोजा आहे."

मी 1900 चं ते पान परत उघडलं. विल्हेल्मच्या ओळीत शेवटी घर स्वतःचं की भाड्याचं, कर्जमुक्त की गहाण, याचे रकाने आहेत. स्वतःचं. गहाण.

"त्याच्यावरही होता, बाबा," मी म्हटलं.

"असणारच," बाबा म्हणाले, आणि आईला हाक मारून फोन तिच्याकडे दिला.